पहिल्या दृश्याचा कौल

हाणामारीचा चित्रपट सुरुवातीच्या काही मिनिटांतच एक निवाडा करून टाकतो: कोणाचा जीव मोलाचा आणि कोणाचा नाही. तो निवाडा मी किती सहज स्वीकारतो, याचा जाब मला स्वतःलाच विचारायचा आहे. त्यासाठी ‘शोले’ची सुरुवात घेतो. तिच्यातलं मालगाडीवरचं दृश्य पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झालं आणि मी याच भागात राहतो.

चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. या एका दृश्याच्या चित्रीकरणाला सात आठवडे लागले. त्या वर्षी चित्रपटाला एकच फिल्मफेअर मिळालं, तेही संकलक एम. एस. शिंदे यांना. घोडे, डबे, बंदुका यांची ती लय पाहताना मी आजही खुर्चीत पुढे सरकतो.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९७० साली ‘एस/झेड’मध्ये कथा पुढे नेणारे दोन धागे वेगळे केले: ‘आता पुढे काय होणार’ हा कृतीचा आणि ‘हे असं का’ हा कोड्याचा. इथे कृती इतकी वेगवान आहे की कोडं नजरेआड होतं. हे दृश्य मुळात आठवण आहे. माजी पोलीस अधिकारी ठाकूर ती जेलरला सांगतोय, कारण त्याला जय आणि वीरू हे दोन चोर हवे आहेत. म्हणजे आपण पाहतो ती एका गरजवंताची साक्ष. त्याला हे दोघंच का हवेत, अंगावरची शाल काय झाकते, हे पुष्कळ उशिरा कळतं. तोवर माझा कौल देऊन झालेला असतो. घोड्यांवरून पडणाऱ्या डाकूंना नावं नाहीत, आणि त्यांतला एकही मला आठवत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून, म्हणजे अंकांमधल्या निवेदनपर प्रवेशातून, कळवावं, असा संकेत आहे. मरण पाहण्याची चटक लागू नये, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता घेतो. माझ्या आवडत्या दृश्याची सगळी गंमत नेमकी त्या संकेताच्या पलीकडे आहे.

याच दृश्यात जखमी ठाकूरला दवाखान्यात न्यायचं की पळून जायचं, हे जय आणि वीरू नाणं उडवून ठरवतात. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या, हे शेवटी जयच्या मरणानंतर कळतं. जो योगायोग वाटला, तो जयचा निर्णय होता. प्रेक्षक म्हणून माझ्या हातीही दोन्ही बाजू सारख्या असलेलंच नाणं दिलेलं असतं. फरक एवढाच, की जयला ते ठाऊक होतं आणि आपण माणूस वाचवतोय हेही. मी मात्र दुसऱ्याने ठरवलेला कौल स्वतःचा समजून टाळ्या वाजवतो.

हे पडद्यापुरतं असतं तर एवढं टोचलं नसतं. पण मी राहतो त्या नवी मुंबईची गोष्टही अशीच सुरू केली जाते: १९७० साली शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि खाजणावर शहर उभं राहिलं. ‘आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं,’ हे वाक्य मी जिने-गच्च्यांवर ऐकतो आणि ते माझ्याही ओठांवर येतं. इथे ९५ गावं होती. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. गोष्ट सिडकोपासून सुरू केली, की ही माणसं आपल्याच घरात अडथळा ठरतात. भातशेतापासून सुरू केली, तर पाहुणा मी ठरतो.

कथनशास्त्र वाचून माझी आवड सुटलेली नाही, आणि ती सुटावी असा माझा हट्टही नाही. पण सिद्धान्ताने आवडीला नुसतं प्रतिष्ठित नाव दिलं, तर तो माझ्या काही कामाचा नाही. कोण सांगतोय, कशासाठी सांगतोय आणि कोण बिननावाचं मेलं, हे तीन प्रश्न मी चित्रपटाला विचारतो. तेच मी माझ्या घराच्या पत्त्यालाही विचारले पाहिजेत. माझ्या शहराची गोष्ट मी कोणाला सांगेन, तेव्हा ती ९५ गावांपासून सुरू करणं हे माझं कर्तव्य आहे.