औषध, व्रत आणि अर्धशिशी

सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. या मंडळींत कोणी दारू सोडावयाचे मनावर घेतले, तर पुष्कळदा तो गळ्यात तुळशीची माळ घालतो. माळ घातली म्हणजे बाटली सुटली, असा त्यातील संकेत आहे. तेथील एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. त्यांना जुनाट अर्धशिशी आहे. डॉक्टरांनी रोज घ्यावयाची गोळी दिली आहे. ते म्हणाले, "गोळीने डोके थांबते, पण पूर्वी बाटलीनेही थांबल्यासारखे वाटे. मग मी सुटलो, की नुसते भांडे बदलले?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याला एकदा मनाने फसविले, त्याने मनाचा संशय धरावा हे योग्यच होय. परंतु अर्धशिशी म्हणजे साधी डोकेदुखी नव्हे. आयुर्वेदाने तिला अर्धावभेदक असे नाव दिले आहे. उपचार न केल्यास तिचा झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत टिकतो. उजेड व आवाज सोसवत नाही, अन्न पोटात ठरत नाही. असे दुःख मुकाट्याने सोसणे हेच तप, असे मानणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी: वेदना असह्य झाली की पाय जुन्या वाटेकडे वळू लागतात.

आपल्या परंपरेने याचा विचार केलेला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या. त्यांत पाणी, फळे व दूध यांच्याबरोबर औषधाचीही गणना आहे. व्रत हे दास्यातून सुटण्यासाठी असते, देहाला शिक्षा करण्यासाठी नसते. दारू माणसाला घरापासून व कामापासून तोडत होती. योग्य औषध त्याला पुन्हा घरात व कामावर आणते. भेद आहे तो येथे.

तथापि 'औषध' या शब्दाची ढाल करून चालणार नाही. झटके कमी व्हावेत म्हणून दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे, किंवा झटक्याच्या वेळची सुमाट्रिप्टानसारखी औषधे नशा आणीत नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामके व झोपेच्या काही गोळ्या यांची गोष्ट निराळी. त्यांची सवय जडते. आसवे व अरिष्टे यांतही आंबविण्याच्या क्रियेने मद्यार्क उत्पन्न होतो, हे दारू सोडलेल्याने विसरू नये. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान अथवा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशा काही महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांपासूनच डोकेदुखी जडू शकते. शामकच मग दुःखाचे मूळ होते.

म्हणून निवाडा एकट्या मनावर सोपवू नये. डॉक्टरांस पूर्वीचे व्यसन निःसंकोच सांगावे, गोळीचे दिवस वहीत मांडावेत, आणि भीती वाटल्यास डबी घरच्यांच्या हाती द्यावी. उपाशी राहिल्याने व जागरणाने पुष्कळांची अर्धशिशी उठते. अशा माणसाने एकादशीस वेळेवर फराळ केला, भजनातून लवकर उठला, तर त्याची भक्ती उणी ठरत नाही.

शेवटी एक शब्द आम्हां सर्वांसाठी. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून व्यसनाकडे आजार म्हणून पाहत आले आहे. मंदिराच्या ओसरीवर कोणी गोळी घेताना दिसला, की "पुन्हा सुरू झाले वाटते" असे कुजबुजणारे आम्हीच असतो. त्या कुजबुजीला भिऊन कोणी औषध लपवू लागला, तर लपविण्याची जुनी सवय त्याला आम्हीच परत दिली, असे होईल. त्या गृहस्थांस आम्ही इतकेच सांगितले: लपवून घ्यावे लागत नाही आणि मोजून घेता येते, तोवर माळ शाबूत आहे.