निढळाचा आणि काखेचा

खोबरेल तेल साधारण 24-25 अंश सेल्सिअसला वितळतं. रायपुरात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि रात्रीही तो तेवढा खाली क्वचितच उतरतो. त्यामुळे खोबरेल तेल, शिया बटर आणि खायचा सोडा यांच्यापासून केलेल्या, 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या डिओडरंटच्या कांड्या इथे कपाटातल्या कपाटात पातळ होतात. झाकण उघडलं की हाताला तेल लागतं. त्या कांडीतला निसर्ग खोटा आहे असं नाही, तो दुसऱ्या हवेतला आहे. सोड्याची गोष्ट वेगळी. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजक्या दिवसांत, घामाने ओली काख सोड्याने दिवसभर घासली गेली की काही जणांना पुरळ उठतं. मला उठलं.

शेवटी टिकते ती तुरटी. न्हाव्याच्या पेटीतली, गढूळ पाण्यात फिरवायची, तीच. आंघोळीनंतर खडा ओला करून काखेत दोन-तीनदा फिरवायचा आणि वाळू द्यायचा, बस्स. ती घाम थांबवत नाही. वास तयार करणाऱ्या जंतूंना तिथे सुखाने राहू देत नाही. नवतपात दुपारपर्यंत पुरते, मग धुऊन पुन्हा. जुलैच्या दमट हवेत त्याहून कमी. हाच खडा घासूनपुसून, 'क्रिस्टल' असं नाव देऊन, 'अ‍ॅल्युमिनियमविरहित' या चिठ्ठीनिशी विकलेला मी पाहिला आहे. तुरटी स्वतःच अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला माहीत नसावं किंवा चांगलंच माहीत असावं. इथल्या मराठी घरांतही तिला फिटकरी म्हणतात. मला तुरटी हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. चवीवरून पडलेलं नाव आहे, ते जास्त काही वचन देत नाही.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण 'काय चालतं' या प्रश्नाआधी 'कोणासाठी' हा प्रश्न असतो, आणि तो दुकानात कोणी विचारत नाही.

मराठीत 'निढळाचा घाम' असा एक आदराचा शब्दप्रयोग आहे. निढळ म्हणजे कपाळ. निढळाच्या घामाची भाकरी, निढळाच्या घामाचा पैसा. अनुवाद करताना हा प्रयोग समोर आला की मी दरवेळी अडखळते, कारण हिंदीत 'खून-पसीने की कमाई' असते, तिथे कपाळ नाही. मराठीने मात्र जागा नेमून दिली आहे. आणि नेमकी ती जागा निवडली आहे जिथल्या घामाला वास नसतो. कपाळावर येतं ते जवळपास मिठाचं पाणी. काखेतल्या ग्रंथींपैकी काहींचा स्राव वेगळा असतो. तोही मुळात गंधहीन, पण तिथले जंतू तो फोडतात आणि मग ज्याला आपण घामाचा वास म्हणतो तो येतो. म्हणजे भाषेने श्रमाचा गौरव केला तो वास वगळून. काखेच्या घामाची भाकरी कोणी खात नाही.

काखेचा विचार ज्यांनी केला ते वेगळे लोक होते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची दिनचर्या दिली आहे. रोज स्नान, एक दिवसाआड अंग चोळून घेणं, आणि काखेतला घाम सतत टिपत राहणं. हा नागरक म्हणजे शहरात राहणारा, पैसा आणि सवड असलेला पुरुष. त्याला घाम उकाड्याने येतो, कामाने नाही, आणि तो टिपायला त्याचा हात मोकळा असतो. डोक्यावर विटांची पाटी धरलेल्या बाईचे दोन्ही हात वर असतात. विसाव्या शतकाने या नागरकाची भीती सगळ्यांना वाटून दिली. 1919 साली 'लेडीज होम जर्नल' या अमेरिकन मासिकात ओडोरोनो नावाच्या औषधाची जाहिरात आली. तिचा आशय असा, की बाईच्या अंगाला वास येत असतो आणि तो तिचा तिला कळत नाही. वाचक बायका चिडल्या, काहींनी मासिक बंद केलं, आणि औषध खपलं. तुमच्याबद्दलचं सत्य इतरांच्या नाकात आहे, ही कल्पना त्या जाहिरातीने घरोघर पोचवली.

छत्तीसगडात बासी खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी तो जरा आंबलेला असतो. मीठ, कांदा, मिरची, असली तर भाजी. उन्हात कामाला जाणाऱ्याला याहून थंड काही नाही. 1 मे 2022 ला, कामगारदिनी, राज्य सरकारने बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं, आणि मंत्र्यांनी, अधिकाऱ्यांनी ती कॅमेऱ्यासमोर खाल्ली. हा देखावा होता असं म्हणून मी तो उडवून लावणार नाही. ज्या अन्नाची शहरी पोरांना लाज वाटायची ते ताटात आलं. पण तो आंबूस वास मान्य झाला तो ताटापुरता. मराठीत खूप काम केलं की अंगही आंबतं. त्या आंबलेल्या अंगाच्या वासाला अजून कोणता दिवस मिळालेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. पार्सल आणणारी मुलं, घरकामाच्या बायका आणि रखवालदार यांनी मागची सामानाची लिफ्ट वापरावी. कारण दिलं होतं उन्हाळ्यातला वास. जातीचं नाव कोणी घेतलं नाही. घ्यावं लागत नाही. नाक हे सभ्य इंद्रिय आहे, त्याला कारण द्यावं लागत नाही.

वास येतो हे खरं आहे. लिफ्टमध्ये मलाही येतो, आणि येत नाही असं म्हणणं हा उगाचचा मोठेपणा ठरेल. बंद जागेत शेजाऱ्याला त्रास होऊ नये एवढं आपण एकमेकांचं देणं लागतो, म्हणून तर मी तुरटी फिरवते. पण हे देणं एकाच बाजूने वसूल होतं. सकाळी नऊ वाजता आमच्या लिफ्टमध्ये तीन-चार स्प्रेंचा असा लोट असतो की डोकं दुखतं. त्यावर प्रस्ताव आला नाही. माझी बहीण मला तोंडावर सांगते, "ताई, जा, आधी आंघोळ कर." मी ते ऐकते, कारण तिला मी तितक्याच तोंडावर काही सांगू शकते. रखवालदार कोणाला काय सांगणार?

शिवाय त्याच्या अंगावर गणवेश आहे. पॉलिएस्टरचा, कारण तो टिकतो, चुरगळत नाही आणि स्वस्त पडतो. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि वास धरून ठेवतं, सुती कापडापेक्षा कितीतरी जास्त. रायपुरातच राहिलेल्या विनोदकुमार शुक्ल यांच्या 'नौकर की कमीज' (1979) या कादंबरीत साहेबांनी आदर्श नोकरासाठी शिवून ठेवलेला सदरा एका कारकुनाच्या अंगावर चढवला जातो. माणूस सदऱ्याला बसवायचा असतो. आमच्या फाटकावरही गणवेश आधी येतो आणि माणूस नंतर. आम्ही त्याला कापड देतो आणि त्या कापडाचा वास त्याच्या नावावर लावतो.

मी बैठकीत एवढंच विचारलं, की रखवालदारांसाठी तळमजल्यावर न्हाणीघर आहे का. नकाशात आहे, असं निघालं. बारा तासांची पाळी, गणवेशाचा एकच जोड, आणि नकाशातलं न्हाणीघर. प्रत्यक्षात तिथे रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या कूलरांचे सांगाडे रचलेले आहेत, नळ त्यांच्यामागे. लिफ्टचा प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला. न्हाणीघर मोकळं करायचं ठरलं, कोणाचाच विरोध नव्हता. सांगाडे बाहेर काढायचं काम रखवालदारांना सांगितलं गेलं, दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी.