उंबरठ्यापलीकडील शुचिता

पतंजलींनी नियमांमध्ये शौचाला पहिले स्थान दिले आहे. दिवाळीपूर्वी आपणही आपली सदनिका घासूनपुसून लख्ख करतो. परंतु आपली घाण दुसऱ्याच्या दारी लोटून लाभलेल्या स्वच्छतेस शुचिता म्हणावे काय?

मोरीत ओतलेले जहाल आम्ल दृष्टीआड होते, नाहीसे होत नाही. संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही माणसे उतरविली जातात व प्राणास मुकतात. आपण सोडलेले पाणी त्यांच्याच अंगावर येते.

रिठ्याच्या पाण्याने भांडी निघतात, लिंबाने नळावरील क्षार सुटतात, खाण्याच्या सोड्याने ओट्याचा चिकटपणा जातो. लिंबू व सोडा मात्र निरनिराळे वापरावेत. एकत्र केल्यास ते परस्परांचा गुण मारतात. यात श्रम अधिक पडतात, हे खरे. पण ते आपलेच आहेत. आजवर त्यांचा भार दुसरा कोणी वाहत होता.

तोच चिमूटभर सोडा मैदा, तूप व पिठीसाखरेत मिसळून नानकटाई वळावी. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून, वर ताटली ठेवून, झाकण घालून ती मंद आचेवर भाजावी. भट्टी नसली तरी अडत नाही. नानकटाई वळणाऱ्या उघड्या हातांना ज्याचा अपाय नाही, तेच मोरीत सोडावे, एवढी कसोटी गृहस्थास पुरे. आणि पहिली ताटली जिना झाडणाऱ्यास द्यावी. उपकार म्हणून नव्हे, ऋण म्हणून.