कऱ्हेकाठची राख

पुण्याहून कासुर्डीवरून सोलापूरच्या दिशेने निघालं की पुढे चौफुल्याला उजव्या हाताला मोरगावचा रस्ता फुटतो. चतुर्थीला या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. पण मयूरेश्वराचं दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं, की तिथल्या कऱ्हा नदीच्या काठात ज्वालामुखीची राख सापडली आहे. तशीच राख जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकला, कुकडीच्या काठीही आहे.

आपल्याकडचा काळा पाषाण हाही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ही राख त्या कुळातली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेच्या बारीक कपच्यांसारखी दिसते आणि तिची रासायनिक घडण इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीशी जुळते. म्हणजे समुद्र ओलांडून, हजारो किलोमीटरवरून वाऱ्याने आलेली ही धूळ. आकाशातून पडली तेव्हा तिचा थर पातळच असणार. पावसाने ती आजूबाजूच्या रानातून धुऊन आणली आणि नदीने सखल जागी साठवली.

इथवर भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या वयावरून. बोरीच्या राखेसोबत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्यामुळे राखेचं वय कळलं तर माणूस इथे कधीपासून आहे याचाही अंदाज बांधता येणार होता. रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आदी संशोधकांनी १९८९ मध्ये वय मांडलं सुमारे १४ लाख वर्षं. पुढे वेगळ्या पद्धतीने मोजल्यावर ते पावणेसात लाखांच्या आसपास आलं. आणखी काहींनी म्हटलं, ही तोबाच्या शेवटच्या महास्फोटाची राख, म्हणजे अवघी ७५ हजार वर्षांची. राख तीच आणि वयं ही अशी!

यात कोणाचा अडाणीपणा नाही. खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार फार सावकाश बदलत जातो, आणि त्यातल्या काही भागाचा आरगॉन वायू होतो. निम्मा बदलायला १२५ कोटी वर्षं लागतात. साठलेला आरगॉन मोजून वय काढायचं. मात्र नदीने राखेत काळ्या पाषाणाचे चार कण मिसळले असतील, तर त्यांचा कोट्यवधी वर्षांचा आरगॉनही हिशेबात येतो आणि राख उगाच म्हातारी ठरते. दुसऱ्या पद्धतीत युरेनियमचे अणू फुटताना काचेत उमटलेले सूक्ष्म ओरखडे मोजतात. ते काळानुसार पुसट होतात, मग राख उगाच तरुण दिसते. रासायनिक खुणांवरून निकाल लावावा, तर तोबा एकदाच कुठे फुटला? सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीही त्याचा मोठा स्फोट झाला होता, आणि दोन्ही राखांच्या घडणीत फरक अगदी बारीक.

वर्तमानपत्राला मात्र एकच आकडा लागतो. ‘लाखो वर्षांपूर्वीचा मानव पुणे जिल्ह्यात’ एवढ्यावर बातमी संपते आणि तो आकडा कसा काढला, कोणी का नाकारला, हे बाहेर राहतं. माझ्या मते सामान्य वाचकाला सांगण्याजोगं खरं तेच आहे. आकडा उद्या बदलेल. मोजणीत कुठे घोळ होऊ शकतो हे एकदा कळलेला वाचक पुढच्या बातमीला सहजी फसणार नाही.

आणि हा वाद वांझही नाही. आंध्रातल्या ज्वालापुरमला तोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली; त्यावरून, एवढ्या स्फोटानंतरही इथली माणसं तगली, असं २००७ मध्ये मांडलं गेलं. २०११ मध्ये चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांच्या असल्याचं शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तिथे राखेवर विसंबावंच लागलं नाही. म्हणजे बोरीची राख कोवळी ठरली, तरी एवढ्या जुन्या काळी भारतात माणूस होता, हा विचार टिकून राहतो.

बोरी-मोरगावचा निकाल लावायचा तर पुन्हा काठावरच जावं लागेल. राख जागच्या जागी पडलेली की दुसरीकडून वाहून आलेली, हत्यार तिच्या खाली होतं की वर, हे न हललेल्या थरातच वाचता येतं. पण कऱ्हा आणि कुकडी ज्यात येतात त्या भीमेच्या खोऱ्यात वाळूउपशाची यंत्रं रात्रंदिवस चालतात, आणि जेसीबीचा बकेट थर पाहून थांबत नाही.