संयोग, विभाग आणि काचतंतूची केबल

टेलिफोनची जुनी तांब्याची तार भंगारात गेली, की वितळून पुन्हा तांबेच होते. काचतंतूच्या केबलला अशी परतीची वाट जवळजवळ नाही. वरवर हा भंगाराच्या भावाचा प्रश्न वाटतो. मुळाशी मात्र तो द्रव्य आणि घडण यांच्या नात्याचा प्रश्न आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला माती, सोने आणि लोखंड यांचे दाखले देतो. घडण नावापुरती, खरे ते द्रव्य. हे सांगणे सत्तेविषयीचे आहे, पुनर्वापराविषयीचे नव्हे. तरीही तिन्ही दाखल्यांत वस्तू एकाच द्रव्याची आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. केबलला असे एक द्रव्य सांगताच येत नाही.

ती उकलू लागले की हे हाताला कळते. पॉलिथिलीनचे काळे आवरण सोलले, की अरामिडचे पिवळे धागे लागतात. ते साध्या कात्रीला दाद देत नाहीत आणि तापवले तर वितळण्याऐवजी करपतात. आतल्या नळ्यांत पाणी अडवणारी जेली असते. ती बोटांना आणि यंत्राच्या पात्यांना चिकटून बसते. शेवटी येते ती 125 मायक्रॉन जाडीची काच, तीही अ‍ॅक्रिलेटच्या लेपात. हा लेप अतिनील प्रकाशाने पक्का केलेला असल्यामुळे पुन्हा वितळत नाही. काच जवळपास शुद्ध सिलिकाची, गाभ्यात जर्मेनियमचा अंश असलेली. बाटल्यांच्या काचेच्या भट्टीत ती वितळत नाही आणि एकदा मळली की नव्या तंतूला लागणारी शुद्धता तिच्यात उरत नाही.

वैशेषिक दर्शनाने संयोग, म्हणजे जुळणे, आणि विभाग, म्हणजे सुटणे, हे दोन्ही गुण मानले आणि दोन्हींच्या मुळाशी कर्म, म्हणजे गती, ठेवली. जुळलेले आपोआप सुटत नाही. सोडवण्यासाठीही काहीतरी हलावे लागते. नीतीचा प्रश्न इथे उभा राहतो: ते हलवायचे कोणी? तांब्याच्या तारेत सोडवणाऱ्याची मजुरी तांबेच देते. काच ती देत नाही, म्हणून जुन्या केबली पाइपांत तशाच पडून राहतात. समुद्रतळावरच्या केबली काही वेळा वर काढल्या जातात, पण त्यांतल्या तांब्यासाठी, पोलादासाठी आणि पॉलिथिलीनसाठी. जिच्यातून सारा संवाद वाहिला त्या काचेसाठी नव्हे.

म्हणून सोडवण्याचे ऋण जोडणाऱ्याच्या खात्यावर मांडणेच न्याय्य ठरते. भंगार वेचणाऱ्याने संयोग निवडलेला नसतो. केबलची रचना ठरवणाऱ्याने तो निवडलेला असतो. निवडीला वावही आहे. काही केबलींत जेलीऐवजी पाणी लागताच फुगणारी कोरडी फीत किंवा सूत घालतात. हा बदल मुख्यतः जोडकाम करणाऱ्यांचा वेळ आणि चिकटपणा वाचवण्यासाठी झाला, तरी त्यामुळे केबल उकलणेही सोपे झाले.