श्वासातील तराजू

वाचकहो, आपण ही ओळ वाचत असतानाही आपल्या श्वासनलिकांना मेंदूकडून आज्ञा येत आहेत. छातीत उतरलेली व्हेगस चेता आपल्या टोकाशी ॲसिटाइलकोलीन नावाचे द्रव्य सोडते. ते भिडताच नलिकेचा स्नायू आकसतो व ग्रंथींतून स्राव पाझरतो. धूळ-धूर रोखण्यासाठी ही आज्ञा हवीच. परंतु ती मागे कोण घेणार? स्नायू आकसलेलाच राहिला तर माणूस गुदमरेल. त्यासाठी तेथेच ॲसिटाइलकोलीनएस्टरेज हे विकर नेमलेले आहे. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो संदेशरेणू फोडतो. उरलेले कोलीन चेतातंतू परत ओढून घेतो व त्यातून नवा संदेश घडवितो. श्वास मिळाल्याबद्दल आपण अल्लाहचे आभार मानतो. आज्ञा वेळेवर पुसली जाते याबद्दल कोणी मानतो काय?

आयतींत रसायनशास्त्राची सूत्रे शोधणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. ईशग्रंथ मार्गदर्शनासाठी उतरला आहे, प्रयोगशाळेसाठी नव्हे. तथापि सूरह अर्रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या उल्लेखासोबतच तराजू स्थापिल्याचा उल्लेख येतो आणि लगोलग तोलात अतिक्रमण न करण्याची ताकीद येते. अनेक भाष्यकारांनी या तराजूचा अर्थ न्याय असा घेतला आहे. प्रश्न तेथूनच सुरू होतो. कारण श्वासातील हा तोल बिघडविण्याची विद्या मनुष्याने हस्तगत केली आहे.

चेतांचे संदेश रसायनांतून जातात हे दाखविणाऱ्या ऑटो लोवी व हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनतज्ज्ञ पिकांवरील कीड मारणारे द्रव्य शोधत असता त्यांच्या हाती टाबून लागले. १९३८ मध्ये सारिन. ही द्रव्ये त्याच विकराला जखडून टाकतात. मग आज्ञा पुसली जात नाही, नलिका आवळल्या जातात, फुप्फुसे स्रावाने भरतात आणि श्वासाचे स्नायूही थकून थांबतात. १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या हलब्जा शहरावर विषारी वायूंचा मारा झाला. हजारो कुर्द स्त्री-पुरुष व बालके मृत्युमुखी पडली. मारणारे आणि मरणारे दोघेही कलमा पढणारे होते. त्या काळातील कुर्दविरोधी मोहिमेला त्या राजवटीने नाव दिले होते ‘अन्फाल’, म्हणजे कुरआनच्याच एका सूरहचे. परक्यांनी कुरआनचा अवमान केला की आपण रस्त्यावर उतरतो. या अवमानाचा उच्चार आपल्या सभांतून किती वेळा झाला?

श्राडर यांचा हेतू अन्नधान्य वाचविण्याचा होता. कृतींचे मोल नियतीवर, म्हणजे हेतूवर ठरते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणतो. मग शोधक निर्दोष ठरतो काय? माझ्या मते नियत चांगली असणे हा हिशेबाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. धोका कळल्यानंतर ते ज्ञान कोणाच्या हाती दिले, हा प्रश्न उरतोच. स्वतः इजा करू नये व इजेला इजेने उत्तर देऊ नये, या हदीसवर फिक्हशास्त्रज्ञांनी मोठा डोलारा उभारला आहे. तेथे हेतूसोबत परिणामही पाहिला जातो.

ही चर्चा इराकपुरती समजू नका. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके याच कुळातील असून त्याच विकराला रोखतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले; संशयित औषधांत ही कीटकनाशकेही होती. जकातीचा हिशेब पैशापैशाने करणारा शेतमालक मजुराच्या पाठीवर पंप चढविताना मास्क व हातमोजे देतो काय? बाटली विकणारा दुकानदार त्याला दोन शब्द समजावतो काय? घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. त्या घामावाटे, कातडीतून विष आत जाते. मग रुग्णालयात डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात आणि फुप्फुसांतील स्राव आटेपर्यंत मात्रा वाढवीत, उशाशी बसून श्वास मोजत राहतात.