काठावरचा सराव

पक्षाघातातून उठलेला माणूस जेवायला बसतो. उजवीकडची भाजी-आमटी संपते, पोळी संपते. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड मात्र तशीच राहते. घरचे विचारतात, “आवडली नाही का?” खरं तर ती त्याला दिसलेलीच नसते. दोन्ही डोळे शाबूत असतात. दुखावलेलं असतं ते डोक्याच्या मागच्या भागातलं, उजव्या बाजूचं दृष्टिकेंद्र. त्याच्या डाव्या अंगाला काळा पडदाही दिसत नाही, तिथे नुसतं काहीच नसतं. त्यामुळे आपलं काय हरवलं हे पुष्कळदा त्याचं त्यालाही उमगत नाही.

जगाची कुठली बाजू मेंदूत कुठे उमटते, हे आपल्याला कळलं तेही बरंचसं जखमांमधूनच. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धानंतर तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे जखमी सैनिकांची दृष्टी तपासण्याचं काम आलं. दृष्टी किती गेली यावर त्यांचं निवृत्तिवेतन ठरायचं. रशियन रायफलीची ७.६२ मिलिमीटरची गोळी इतकी वेगवान होती, की ती कवटीतून आरपार निघून जाई आणि तरी काही सैनिक वाचत. गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली हे मोजण्यासाठी इनोउयेंनी स्वतः उपकरण घडवलं. गोळीची आतली वाट आणि सैनिकाला न दिसणारा भाग ताडून पाहत त्यांनी दृष्टिकेंद्राचा नकाशा काढला. तो १९०९ साली छापला गेला.

मोठेपणी हा नकाशा बदलत नाही, अशीच समजूत पुढे बराच काळ होती. टॉर्स्टन वीझल आणि डेव्हिड ह्यूबेल यांनी मांजरीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की दृष्टीची घडण आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात होते. १९८१ साली त्या दोघांना नोबेल मिळालं. पण याच वीझलनी चार्ल्स गिल्बर्ट यांच्यासोबत, १९९२ साली, पूर्ण वाढलेल्या प्राण्यांमध्ये वेगळंच काही पाहिलं. दृष्टिपटलाचा एक ठिपका निकामी झाला, की त्याच्या वाट्याच्या मेंदूपेशी गप्प होत. काही महिन्यांनी त्यांतल्या कितीतरी पेशी शेजारच्या भागातून येणाऱ्या संदेशांना प्रतिसाद देऊ लागत. शेजारच्या पेशींशी त्यांचे धागे आधीपासून जुळलेले होतेच. ते आता बळकट झाले, त्यांना नवे फाटे फुटले. हा बदल कुठवर पोचतो यावर पुढे शास्त्रज्ञांत वादही झाले. पण मोठ्या वयाचा मेंदू अगदी दगड नसतो, एवढं पक्कं झालं.

इथे मेंदू शाबूत होता, इजा डोळ्याला होती. मेंदूलाच इजा झाली तर मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात क्रिस्टल हक्सलिन यांनी अशा रुग्णांबरोबर नेटाने काम केलं आहे. रुग्ण पडद्याच्या मध्यबिंदूवर नजर खिळवून बसतो. जिथे त्याचं दिसणं संपतं त्या हद्दीच्या जरा पलीकडे ठिपक्यांचा एक पुंजका हलतो. तो डावीकडे गेला की उजवीकडे, एवढंच सांगायचं. सुरुवातीला सगळा अंदाजाचाच कारभार. दिवसाला काही शेकडो वेळा तेच, आणि असे कित्येक आठवडे, कित्येक महिने. मग काहींना त्या जागी हालचाल जाणवू लागते. आणि सुधारणा होते ती बहुतेक सराव केलेल्या जागीच. मग ठिपके थोडे आत सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यांच्या गटाने २०२० साली हेही दाखवलं, की झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू केलेला सराव लवकर फळतो.

मला यातली सुरुवातीची जागा फार मोलाची वाटते. हे काम अंधाराच्या मधोमध सुरू होत नाही. जिथे थोडं शिल्लक आहे त्याच्या काठावर ते सुरू होतं, कारण तिथेच शेजारच्या जिवंत पेशींचा आधार मिळतो. घरात असा माणूस असेल तर आपण दोन टोकांना जातो. एक तर “होईल सगळं पूर्वीसारखं” असा धीर देतो, नाहीतर “आता या वयात काय होणार” म्हणून सोडून देतो. पूर्ण दृष्टी क्वचितच परत येते, हे खरं आहे. पण काठावरची थोडी जमीन परत मिळू शकते, हेही तितकंच खरं आहे. म्हणून “नीट बघत जा” असं ओरडणं थांबवूया. दृष्टिक्षेत्राची तपासणी लवकर करून घेऊया. आणि त्याला काय दिसत नाही याच्या आधी, कुठपर्यंत दिसतं ते विचारूया. पुढचा सराव कुठून सुरू करायचा, ते त्या उत्तरातून कळतं.